किती दात्यांचं?

माणसाला दात असतात, करवतीला दाते.
रबाळ्याच्या या गाळ्यात, ग्राइंडरशेजारच्या स्टुलावर,
सव्वीस वर्षं मी तेच मोजते आहे:
खडूनं एका दात्यावर खूण करायची,
तिथून निघायचं, फिरून तिथंच यायचं.
मध्येच कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.

परवा संध्याकाळी सुयोग पांचाळ आला.
घणसोलीत कुणाच्या तरी रो-हाउसचा जिना करतोय.
म्हणाला, कुंदाताई, शंभर दात्यांचं द्या,
असेल त्यात सगळ्यात जास्तीचं,
पैशांकडे बघू नका.

मी पैशांकडे बघितलंच नाही.
त्याच्या शर्टाला वास होता,
सागाला चटका बसल्याचा, तेलकट, चामड्यासारखा.
उभं चिरतोयस ना? नसेबरोबर?
गप्प.
आणि ऐंशीनं?
तेव्हा कुठं पिशवीतून ब्लेड बाहेर आलं:
कडेनं निळं पडलेलं,
दात्यांमधल्या खोबणींत भुसा असा ठासलेला
की सुपारीच अडकलीय दाढेत.

अरे, दाता नुसता तोडतो.
तोडलेलं बाहेर नेते ती खोबण.
ऐंशी दाते म्हणजे ऐंशी तोंडं,
आणि घसा प्रत्येकाचा एवढुसा.
उभ्या कापात साग लांब लांब धागे सोडतो,
त्यांना जायला वाट नसली की ते तिथंच फिरतात, तापतात,
मग फळीच्या कडेला अशी काळी रेघ
जी चार वेळा रंधा मारूनही हसत राहते.

चोवीसचं ने.
ओबडधोबड कापेल, ओरडेल, पण पुढं जाईल.

त्याचा चेहरा असा झाला,
जणू मी त्याच्या गळ्यात जुना माल मारतेय.

आमचे अनंत हयातभर चाळीसच लावायचे.
प्लायला चाळीस, फणसाच्या फळीला चाळीस,
नट सोडवून ब्लेड बदलायचा कंटाळा.
सगळ्याला चालतं, म्हणायचे, आणि चालायचंही.
माझ्याशी बोलणंसुद्धा तसंच,
गिऱ्हाइकाशी बोलतात तेवढंच:
फार ओरखडा नाही, फार सफाई नाही.
आता ऐरोलीच्या डॉक्टरनं माझ्या दोन दाढा काढल्या,
त्या मोकळ्या जागेत जीभ सारखी जाते
आणि का कोण जाणे, त्यांचा तो चाळीसचा आकडा आठवतो.

काल अकराला सुयोगचा फोन.
चिरलं ताई! लोणी नाही, पण चिरलं!
आता पायऱ्यांना वरून व्हिनियरचं प्लाय आहे,
हेच चालवतो, चढवलेलंच आहे.
थांब. मशीन बंद कर आधी.
चोवीस दाते त्या पापुद्र्याला कापणार नाहीत, उचकटतील.
आडवी नस, पातळ थर,
तिथं लहान लहान घास लागतात, खूप सारे.
कालच तर तुम्ही—
काल लाकूड वेगळं होतं.

त्याचं ऐंशीचं माझ्याकडेच राहिलेलं.
रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं होतं,
सकाळी टूथब्रशनं एकेक खोबण घासली.
निळेपणा वरवरचा होता, पत्रा वाकला नव्हता.
सदतिसाव्या दात्याची टिप मात्र उडालेली.
सगळे टिप म्हणतात, मी टिकली म्हणते.
ज्योतीखाली चांदीची तार वितळवून नवी बसवली,
हात थरथरला नाही.
मग धार, एकाआड एक, डावा उतार, उजवा उतार.
मग खडू. मग मोजणी.
एकोणऐंशीला शेजारच्या गाळ्यातून चहा आला,
मी बोट उचललं नाही.
ऐंशी.

पोरगा येऊन घेऊन गेला.
तासाभरानं पुन्हा फोन:
ताई, एका दात्यावर खडू राहिलाय, पुसू का?

राहू दे.
पहिल्या फेऱ्यातच उडेल.